एका मुठीची क्रापियाता

इटलीतल्या मातेरा गावात एकाच घरच्या कडधान्याची उसळ शिजवली, तर तिला जेवण म्हणतात, क्रापियाता म्हणत नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या तारखेच्या क्रापियातासाठी सामाईक अंगणाभोवतालच्या प्रत्येक घराची मूठ एका भांड्यात पडावी लागते. कुणाचे हरभरे, कुणाचे मसूर, कुणाचा गहू, आणि ज्याच्या घरी काहीच नाही त्याचा निदान एक बटाटा. मूठ दिली की जेवायला यायचं, रुसवा असला तरी यायचं.

वितांतोनियोचा जन्म खाली दरीतल्या गुहेतला. पुढे माणसं, खाटेखाली कोंबड्या आणि सगळ्यात आत, उबेच्या जागी, खेचर. अंगणाला लागून अशा बऱ्याच गुहा, आणि दार वाजवायची पद्धत कुठल्याच घरात नव्हती. "आलो रे" म्हणायचं ते आत पोचल्यावर. पुढे सरकारनं ठरवलं की हे राहणं माणसांचं नव्हे, आणि सगळ्यांना वर नव्या इमारतींत नेऊन ठेवलं. तिथं प्रत्येक घराला दार होतं, दाराला घंटा होती, आणि घंटा वाजली की घरात कुणीच नसल्यासारखं गप्प बसायची सोय होती.

सोफ्याच्या कारखान्यात वितांतोनियोनं जन्मभर लोकांच्या बुडाची व्यवस्था पाहिली आणि स्वतः लाकडी खुर्चीवर बसला. मूलबाळ नव्हतं. बायको, निनेत्ता, गेली. अंगणातली माणसं काही उत्तरेकडच्या कारखान्यांत गेली, काही त्याहून लांब. शेवटी उरली एकटी पोर्त्सिया, त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. शेजारणीला तिकडे कुम्मा म्हणतात. ही कुम्मा त्याच्याहून थोडी मोठी आणि पुष्कळच फटकळ. दोघांच्या दोन मुठींची क्रापियाता दरवर्षी होई. "दोन म्हणजे अनेकच," असा तिचा हिशोब होता. पण या वसंतात मुलगा तिला लांब उत्तरेत, तोरिनोला घेऊन गेला.

म्हणून जुलैच्या शेवटच्या संध्याकाळी वितांतोनियोनं आपले हरभरे भांड्यात टाकले आणि दुसरी मूठ शोधायला निघाला. समोरच्या बिऱ्हाडानं दाराआडूनच सांगितलं, "आम्हाला काही विकत घ्यायचं नाही." मग भांडं काखेत मारून तो दरीत उतरला. जुन्या अंगणातल्या गुहा आता हॉटेलच्या खोल्या झाल्या होत्या.

पाय अंगणाला लागला आणि सवयीनं घात केला. जुन्या शेजाऱ्याच्या, पेप्पेच्या, गुहेचं दार लोटून तो आत शिरला आणि मग म्हणाला, "आलो रे!"

आत, खेचराच्या जागी, टॉवेल गुंडाळलेला एक उंच डॅनिश माणूस उभा होता. तो किंचाळला. हॉटेल सांभाळणारी लोरेदाना धावत आली.

"काका, अहो ही खोली आहे! लोक पैसे देऊन झोपतात इथं!"

"खेचर फुकट झोपायचं. ते ओरडायचंही नाही. याला सांग, एक मूठ कडधान्य दे म्हणावं."

लोरेदानानं काय सांगितलं कोण जाणे. तो माणूस शरमला, छोट्या फ्रिजवरची पुडी फोडली आणि मूठभर खारे दाणे भांड्यात टाकले. वितांतोनियोनं एक दाणा उचलून निरखला. शेंगेतूनच येतो, म्हणजे कुळातलाच.

"उद्या दुपारी जेवायला ये म्हणावं. मूठ दिलीय, आता सुटका नाही."

तो माणूस हो हो करत जोरजोरात मान डोलावत राहिला.

रात्रभर धान्य भिजलं, सकाळी शिजलं. दुपारी वितांतोनियो भांडं फडक्यात गुंडाळून, बस धरून अंगणात हजर झाला. पेप्पेच्या दारात लोरेदाना चादरी बदलत होती.

"ते तर नाश्ता करूनच गेले, काका. आता दुसरे येतील."

"पण मूठ दिली होती की त्यानं!"

तिला वाईट वाटलं. तिनं उभ्यानंच एक चमचा खाल्ला, "छान झालंय, जरा खारट," म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

वितांतोनियो भांडं घेऊन घरी परतला. टेबलावर ठेवलं, पण वाढून घेईना. मग त्यानं तोरिनोला फोन लावला.

"झाली का रे क्रापियाता?" पोर्त्सियानं विचारलं.

"झाली तर! अंगण भरलं होतं, कुम्मा."

"कोण कोण होतं?"

"पेप्पेच्या घरात एक डेन्मार्कचा. हा एवढा उंच. दोनदा वाढून घेतलं त्यानं."



"वितांतो, तुला लहानपणीसुद्धा खोटं जमायचं नाही. भांडं भरलेलं आहे ना अजून?"

त्यानं भांड्यावरचं फडकं सारखं केलं.

"मीही इथं काल मूठभर मसूर भिजत घातले, आज शिजवले. सून म्हणते, डबाबंद मिळतात की! तिला काय सांगू?" ती खाकरली. "वाढून घे. फोन ठेवू नकोस. मी इथं माझी वाटी घेते."

त्यानं फोन भांड्याला टेकवून उभा केला आणि वाढून घेतलं. दोन घास गेले. पलीकडे चमचा वाजला.

"खातोयस ना?"

"खातोय."

"मग आवाज करून खा की मेल्या, मला काही ऐकू येत नाही."

रिकाम्या घरात वितांतोनियो मोठ्यानं मचमच करत जेवत राहिला.