हळदीच्या गाडीचे फुगे

माझ्या थोरल्या भावाचा हात आणि माझी जीभ आधी चालतात, विचार मागाहून येतो. कळंबोलीच्या दुकानात ट्रकसाठी हवेचे फुगे निवडताना दोन्ही एकदम चालले.

आमचा डीजेचा ट्रक. सीवूड्सच्या टॉवरांमागच्या आमच्या गावापासून पार मोरा बंदरापर्यंत हळदींना तो जातो. दादाला त्याच्या चाकांवरचे स्प्रिंगचे लोखंडी पाटे काढून रबरी फुगे बसवायचे होते. हवा सोडली की ट्रक गावदेवीपुढे खाली बसणार, भरली की उठणार. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. जाड फुगे वजन पेलतात, पण पुरते बसत नाहीत. पातळ फुगे गाडी थेट जमिनीला टेकवतात.

"लोड किती?" त्याने विचारलं. दादाने स्पीकर आणि जनरेटरचं वजन सांगितलं.

"आनि वर चढनारी मानसा?" मी म्हणाले.

"कुनाला चढू देनार नाय."

"हळदीला गाडीवर चढू नको सांगनारा आपल्या गावान अजून जन्मला नाय!"

त्याने दुकानदारासमोर माझा हात पिरगळला. मी काउंटरवरचा पाना उचलून त्याच्या पोटरीवर हाणला. दुकानदार मध्ये पडला म्हणून बरं. लंगडत लंगडत त्याने पातळच फुगे घेतले, आणि गाडी अजून खाली जावी म्हणून खालचे आधाराचे ठोकळेही काढायला लावले.

पहिलीच हळद चुलतभावाची. दिवेलागणीला ट्रक गावदेवीपुढे वाकला, तेव्हा आत्याबाईंनी डोळे पुसले. खोटं का बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. मग ट्रक उठला आणि बघता बघता छपरावर पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळ्यात पुढे नवरदेवाचा मामा. एक बाजू झुकली, खालून फुसफुस ऐकू आली. दादा जॅक न लावताच बॅटरी घेऊन खाली शिरला.

"उतरा! दादा खाली हाय!" मी ओरडत होते. त्या दणदणाटात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. वरचे मला नाचायला बोलावत होते.

मी जनरेटरची केबल उपटली. गाणं बंद पडलं, तरी आरडाओरड्यात कुणी ऐकेना की उतरेना. विजेच्या तारा वर उचलायचा बांबू घेतला, ट्रकच्या शिडीवर चढले आणि दिसेल त्याच्या नडगीवर घातला. चुलतभावाला हळदीसकट खाली ओढलं. मामाने माझे केस धरले, मी त्याच्या मनगटाला चावले. रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. मला तेव्हा कुणाचीच दया आली नाही. शिव्या घालत सगळे माझ्या अंगावर धावून येण्यासाठी उतरले, पण उतरले.

दादा बाहेर आला तो माझ्या कानाखाली जाळ काढतच.

"भर हळदीत लाज काढलीस!"

दुसरी द्यायला त्याने हात उचलला आणि मागे फुगा फुटला. ट्रक धाडकन बसला. दादा जिथे पडून होता तिथे आता हात घालायलाही फट नव्हती.

मग मीच त्याला मारत सुटले. तोंडावर, छातीवर, दोन्ही मुठींनी, हमसून रडत. आई मला मागे ओढत होती.

त्याने आईचा हात बाजूला केला. "मार गो बाय," तो म्हणाला, "मार."