विळीचं चित्र

आमची सून कुठलंही भांडं आधी उलटं करून बघायची. पेला असो, तांब्या असो, नाहीतर माझी चहाची बशी. बूड बघायची, कडेवरून बोट फिरवायची, मगच वापरायची. आमची ही म्हणायची, "सून आणलीय का वजनमापवाला साहेब?" सून हसायची. "वस्तू कशी हाय ते खालनं कळतं, आई."

गावाकडच्या मोऱ्यांची पोर. जुईनगरचं स्टेशन नवीन होतं तेव्हा लग्न होऊन आमच्या दोन खोल्यांत आली आणि वाशीला डिझाइनचा कोर्स करायचा हट्ट धरून बसली. मी चौथी शिकलेला, जन्म तुर्भ्याच्या कारखान्यात गेला. मला काही पटेना. मुलाला सांगितलं, एक परीक्षा बघू. नापास झाली तर पुरे. माझा शब्द घरात शेवटचा.

परीक्षेला घरातल्या रोजच्या एका वस्तूचं चित्र काढायचं होतं. तिनं विळी घेतली.

"अगं, फुलदाणी काढ. लोक म्हणतील, सासरी हिला नुसतं राबवतात."

"फुलदानी आपल्याकडं हाय कुठं, बाबा?"

दुपारी खिडकीतून ऊन आलं की पाटावर विळी उभी करून ती समोर मांडी घालायची. कागदावर पात्याची सावली धरत बसायची. आम्ही अंग चोरून जायचो, सावली मोडेल म्हणून.

शेवटच्या दुपारी नळाला पाणी आलं, ती उठली. मी आत आलो तर विळी उघडी, जवळ माणूस नाही. आमच्यात उघडी विळी सोडून उठत नाहीत. घरात भांडण लागतं, कुणाचा पाय कापतो. सावलीचं भानच राहिलं नाही. मी पातं मिटवलं, विळी भिंतीशी आडवी ठेवली.

"बाबा, कोनी हलवली?" हंडा अजून तिच्या कमरेवरच होता.

चुकलं हे मला तिच्या तोंडावरूनच कळलं. म्हणूनच आवाज चढला माझा. "उघडी विळी टाकून उठतात का? आईनं शिकवलं नाही?"

तिची आई ती पाळण्यात असतानाच गेलेली. मला माहीत होतं ते. आमच्या हिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. सुनेनं हंडा उतरवला. ऊन सरकलं होतं. तिनं कोरा कागद घेतला आणि आमच्याकडे पाठ करून बसली.

पास झाली. कॉलेजात चित्रं भिंतीवर लावली तेव्हा आम्हालाही घेऊन गेली. कागदावर विळी मिटलेली, आडवी, आणि तिच्यावर एक म्हातारा हात. अंगठ्याचं नख काळं पडलेलं. माझाच.

सरांनी विचारलं, "विळी अशी का ठेवलीय?"

"उघडी सोडून उठायचं नसतं, सर. आमच्या बाबांनी शिकवलं."

सरांनी मला नमस्कार केला. मला उलट नमस्कार करवेना. हात खिशातच राहिले.

माफी मी मागितली नाही. ती आता मुलाबरोबर बंगळूरला असते. फोन आला की आधी म्हणते, "बाबांना द्या." मी हिला खुणेनं सांगतो, झोपलोय म्हण.