दुखण्याचं पुस्तक

आणीबाणी उठली त्या साली मी दिघोरीच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. वय तेवीस. एका धानवाल्या शेतकऱ्याच्या घरात मागच्या अंगाची खोली भाड्यानं घेतली. माहेर भंडाऱ्याला. महिन्यातून एकदा एसटीनं घरी जायचे आणि परतताना वडिलांच्या कार्डावर वाचनालयातून दोन पुस्तकं आणायचे. निवड फारशी माझी नसे. शनिवारी दुपारी ग्रंथपाल पेंगुळलेले असत. टेबलावर जे परत आलेलं असेल तेच माझ्या हातात ठेवत. त्यामुळे मी त्या काळात काय वाटेल ते वाचलं.

घरमालकांची मुलगी एकोणीस वर्षांची होती. सातवीपर्यंत शिकलेली, हुशार. धाकटा भाऊ वडिलांबरोबर शेतात राबायचा. पण महिन्या-दीड महिन्यातून एकदा तिचे हातपाय असे दुखायचे की चार-पाच दिवस ती खाटेवरून उठत नसे. डोळ्यांत कायम पिवळसर झाक. धानाच्या रोवणीला तिला कुणी नेत नसे आणि लग्नाचा विषय घरात निघत नसे. माझी पुस्तकं ती माझ्या मागोमाग वाचून काढायची.

एकदा मी एक रहस्यकथा आणली होती. खून कुणी केला ते मला शेवटच्या पानापर्यंत कळलं नव्हतं, म्हणून मी खूश होते. तिला विचारलं, "आवडली का?"

"चांगली हाय जी बाई. पण तो माणूस मेला तं कोणी रडलंच नाई. सगळे घड्याळच पाहून राहिले."

मी पुस्तक पुन्हा चाळलं. खरंच कुणी रडलं नव्हतं. तेव्हापासून रहस्यकथा हातात घेतली की मी आधी रडणारं माणूस शोधते, आणि वाचण्याची निम्मी मजा जाते.

नंतर एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आली. मी लढायांची पानं भराभर उलटली होती. तिनं अक्षर न् अक्षर वाचलं. "घोड्यायची नावं हायेत," ती म्हणाली, "एवढ्या फौजेले भात कोणं रांधला त्याचं नाव नाई." परदेशच्या प्रवासाचं एक पुस्तक मला पार कंटाळवाणं वाटलं, लेखकानं कुठं काय खाल्लं याचीच यादी होती. तिनं ते दोनदा वाचलं. त्यातलं एकच पान तिला हवं होतं. लेखकाचे पाय दुखतात म्हणून तो एका तळ्याकाठी अख्खी दुपार बसून राहतो, ते. "पाय दुखले तं बसला. कोणी काई म्हटलं नाई त्याले." हे बोलताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिची आई अंगणात धान वाळवत होती.

एका कादंबरीवर मात्र ती चिडली. त्यातली नायिका क्षयानं मरते. पांढऱ्या उशीवर केस पसरून, सगळ्यांना क्षमा करत मरते. ते वाचून मी रडले होते. ती म्हणाली, "मरणारी एवढी गोड बोलते का जी? मले दुखते तवा तोंडात शिवीच येते. मायलेही देतो मी शिव्या." मग थोड्या वेळानं म्हणाली, "बाई, माह्या दुखण्याचं पुस्तक आणा. ज्याच्यात लिवलं असन, का हे हाय तरी काय."

त्या महिन्यात मी पहिल्यांदाच ग्रंथपालांकडे मागून पुस्तक घेतलं. घरगुती उपचारांचं होतं ते, लाल बांधणीचं, पानं सुटत आलेलं. बसमध्ये ते मांडीवर उघडून मी दिघोरीपर्यंत वाचत आले. कादंबरी वाचताना मनात शंका येतात, असं कसं होईल, हा असं का बोलला. या पुस्तकाविषयी मला एकही शंका आली नाही. त्यातली सगळी वाक्यं ठाम होती. दुखणं वर, उपाय खाली. सांध्यांची सूज आणि दुखणं या मथळ्याखाली लिहिलं होतं की आंबट बंद, मीठ कमी आणि पाणीही अगदी मोजकं, दिवसाला चार पेल्यांच्या वर नको.

तिच्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडून ते पान दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा पितळी पेला आईनं स्वतःच्या ताब्यात ठेवला.

तेव्हा मे महिना होता. शाळेला सुट्टी लागली होती, पण पुस्तकाचा गुण येतो का ते पाहायचं म्हणून मी घरी गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात येऊन बसली. ओठ सुकलेले.

"लई तहान लागून राहिली जी बाई."

"थोडं सोस," मी म्हणाले. "पुस्तकात आहे ना."

तिनं मान डोलावली. पुस्तकावर तिचा माझ्याइतकाच विश्वास होता.

पाचव्या दिवशी सकाळी ती ओरडत उठली. पाठीत, छातीत, मांड्यांत, कुठंही हात लावू देईना. तिच्या वडिलांनी तिला उचलून एसटीपर्यंत नेलं. कंडक्टरनं मागचं लांब बाकडं रिकामं करून दिलं. भंडाऱ्यापर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिनं सांगितल्याप्रमाणे तिच्या तोंडात खरंच शिव्या होत्या. दवाखान्यात सलाईन लावली, रक्त चढवलं. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी आहे, वरचेवर आणून दाखवा. ते लाल पुस्तक मी त्याच आठवड्यात परत करून टाकलं आणि पितळी पेला पुन्हा माठावर आला.

तिनं मला कधी दोष दिला नाही. घरी आल्यावर पहिलं काय विचारलं असेल तर, "नवीन काय आणलं?" पण मला आता तिच्या हातात पुस्तक द्यायची भीती वाटू लागली होती. मी विनोदी गोष्टी आणायचे, कवितांचे पातळ संग्रह आणायचे. कविता तिला बऱ्या वाटल्या. दुखता दुखता एक वाचून होते, म्हणायची.

त्यानंतर ती दीड वर्ष जगली. मी प्रशिक्षणासाठी भंडाऱ्याला गेले होते, तेव्हा गेली. परत आले तर पडवीतली खाट काढून टाकलेली होती आणि माझे दोन कवितासंग्रह आईनं फडक्यात बांधून माझ्या दाराशी ठेवले होते.

पुढं माझी बदली बपेऱ्याकडं झाली, लग्न झालं. आठ-नऊ वर्षांनी शिक्षकांच्या एका आरोग्य शिबिरात आम्हाला चार पानी पत्रक वाटलं. जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, मी ते सहज वाचायला घेतलं. हाडं-सांधे दुखणं. लहान मुलांची बोटं सुजणं. डोळे पिवळे. रक्त कमी. नाव होतं सिकलसेल. आईबापांकडून येतो. मग काळजी काय घ्यावी त्यात पहिलीच ओळ, पाणी भरपूर प्यावं, उन्हाळ्यात तर जास्तच. मी ती ओळ किती वेळा वाचली सांगता येत नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." डबा तसाच परत नेला.

महिनाभर मी स्वतःला समजावलं की आता सांगून काय होणार. पण तिचा भाऊ होता आणि त्याला मूल झाल्याचं मला कळलं होतं. एका रविवारी मी दिघोरीला गेले.

तिची आई सुपात तांदूळ पाखडत होती. मला ओळखून हसली. भावाचा मुलगा तीन वर्षांचा, अंगणात खेळत होता. त्याची बोटं मधूनमधून सुजतात, आई आपणहून म्हणाली. मग मी पत्रक काढलं. मुलाचं रक्त तपासा, त्याला पाणी भरपूर द्या, हे सांगितलं. आणि तिच्या मुलीला हेच दुखणं होतं, हेही सांगितलं.

आईचं सूप थांबलं. "म्हणजे पाणी द्याचं होतं?"

"हो. मी आणलेलं पुस्तक चुकीचं होतं."

तिनं सूप खाली ठेवलं. मी माफी मागायचं ठरवून आले होते. कुठल्या तोंडानं मागायची?

"पाणी मांगे पोरगी," आई म्हणाली. "मी नाई म्हणो."

मग ती उठली, नातवाला उचलून आत घेऊन गेली. आतून घागरीतून पाणी काढल्याचा आवाज आला. मी पत्रक ओसरीवर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला. त्या घरात ते वाचणारं आता कोण होतं, हे मला ठाऊक नव्हतं. बसला अजून दोन तास होते. चहा ठेवते, बसा, असं आई आतून म्हणाली, म्हणून मी बसून राहिले.