एकदा पडलेलं हेल्मेट

माझी पोस्टिंग उत्तरेकडं, घोडदळाच्या तुकडीत होती. मी दफादार, म्हणजे घोडदळातला हवालदार. सोनपेठ तालुक्यातला माणूस, शाळा सातवीपस्तोर. आपल्याकडचे काही जण आता रेसच्या घोड्यांवर कामाला जायलेत असं ऐकतो. म्हणून लिहायलोय.

आमच्याकडं सैन्याच्या शर्यतीत पळणारे घोडे होते. त्यांना रोज पहाटे ट्रॅकवर पळवायचं, हे आमचं काम. परेडचा घोडा ऐकतो. शर्यतीचा घोडा नुसता पळतो. समोरून पाखरू उडालं तरी आडवा होतो आणि वरचा माणूस खाली येतो.

मल्हारी माझ्याच तुकडीत सवार, म्हणजे साधा शिपाई होता. राणीसावरगावचा, मेंढरामागं वाढलेला. माझ्या बायकोचा, सुभद्राचा, धाकटा भाऊ. आई-बाप लवकर गेले, तिनंच त्याला वाढवला. परेडवर तो मला "दफादारजी" म्हणायचा. बराकीत आला की "दाजी".

हेल्मेट वाटायचा जिम्मा माझा. काम साधं, पण जवान लय बेजार करायचे. भुवयांच्या वर टेप फिरवून डोक्याचं माप घ्यायचं. हेल्मेट सरळ बसलं पाहिजे, कपाळ झाकलं पाहिजे. पट्टा न लावता डोकं हलवायचं. हेल्मेटासंगं कपाळाची कातडी हलली तर माप बराबर. नुसतं हेल्मेट फिरलं तर मोठं, कपाळ दुखलं तर लहान. मग हनुवटीखाली पट्टा, एक बोट जाईल एवढाच. मोटारसायकलचं हेल्मेट घोड्यावर चालत न्हाई. ढिल्या हेल्मेटात पंचा कोंबणारे बी होते. त्यांना मी विचारायचो, "घोड्यावर बसायलास का आठवडी बाजाराला निघालास?"

आणि एकदा पडलेलं हेल्मेट टाकून द्यायचं. वरून धडधाकट दिसतं, पण आतलं थर्माकोल दबलेलं असतं. ते एकदाच मार खातं.

दसऱ्याच्या तोंडावर मल्हारी घोड्यावरून डोक्यावर पडला. हेल्मेटानं मार खाल्ला, हा कपडे झटकत उठला. ते जमा करायच्या आधीच आमा दोघांना सुट्टी लागली. बहिणीला दाखवायचं म्हणून त्यानं ते बॅगेत घालून माझ्या घरी आणलं.

खंडेनवमीला आमी कुऱ्हाड, विळा, खुरपं धुऊन पुजतो. सुभद्रानं हेल्मेट मधोमध मांडलं. हळद लावली, कुंकू लावलं. म्हणाली, "ह्यानं माझा भाऊ राखला."

जुनं हेल्मेट त्यानं परत संगं आणलं. परत गेल्यावर मी त्याला नवं हेल्मेट काढून दिलं. माप घेतलं, डोकं हलवायला लावलं. बराबर बसलं.

"दाजी, जुन्यानं जीव वाचवलाय माझा."

"वाचवला म्हणूनच ते संपलं."

"आक्कानं पुजलंय. पुजलेलं फेकत्यात का?"

"फेकू नको. देव्हाऱ्यात ठेव. डोक्यावर नको."

"मग आक्काला तुमीच सांगा. माझ्यात न्हाई तेवढी हिंमत." तो हसायला लागला.

"दफादार म्हणून सांगतोय. उद्या नवं घालायचं."

"जी, दफादारजी."

दुसऱ्या दिवशी माझी ड्युटी ट्रॅकच्या पलीकडच्या टोकाला, हातात वायरलेसचा सेट. लांबून सगळी हेल्मेटं सारखीच काळी. घोडे सुटले. थोड्या वेळानं सेट वाजला.

"रायडर डाउन. वळणावर. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"मल्हारी. ओव्हर."

"उठलाय का? ओव्हर."

मग आवाज आला, "न्हाई. ओव्हर."

मी पळत गेलो. घोडा बाजूला घामेजून उभा. पट्टा बराबर आवळलेला, हेल्मेट सरळ, कपाळ झाकलेलं. जसं शिकवलं तसं सगळं. फक्त पुढच्या बाजूला कुंकवाचा डाग होता. नवं हेल्मेट बराकीत खुंटीला, परत प्लास्टिकात घातलेलं. अँब्युलन्स आली तेव्हा श्वास चालू होता. दवाखान्यात पोचेपस्तोर न्हाई राहिला.

सुभद्राला मी एवढंच सांगितलं, घोडा बुजला. खोटं न्हाई ते. त्याची ट्रंक घरी आली. तिनं एक-एक कपडा काढून बघितला.

"त्याचं हेल्मेट?"

"सरकारात जमा."

"कोणतं?"

मी ट्रंक बंद केली. तिनं परत विचारलं न्हाई.

पुढच्या खंडेनवमीला तिनं कुऱ्हाड मांडली, विळा मांडला, आणि कुंकवाचा करंडा माझ्याकडं सरकवला. "तुमी लावा." मी लावलं. त्यानंतर दर साली तसंच. मला दोष दिला न्हाई, आपण बी रडली न्हाई. पण हत्याराला कुंकू लावलं न्हाई, मरेस्तोर.

उन्हाळ्यात ती गेली. औंदा करंडा सरकवायला कोणी न्हाई. मीच उठून घेतला. कुऱ्हाडीला लावलं, विळ्याला लावलं. मग भिंतीकडं गेलो. कुंकवाचं एक बोट मल्हारीच्या फोटोला, वर्दीतल्या. एक बोट तिच्या.

सवार मल्हारी. घोडा लय चांगला चालवायचा.