मुका मार

त्या दिवशी दापोड्याच्या गोदामात ट्रॉलीचा दांडा माझ्या भावाच्या पोटात बसला. तो खाली बसला, पाणी प्यायला आणि शिफ्ट संपवून घरी आला.

पोटावर काहीच नव्हतं. ना जखम, ना वळ. थोडं दुखतंय, एवढंच म्हणाला. आईने त्याच्या बेंबीवर अंगठा दाबून पाहिला. ठोका जरा वर लागला. "काय न्हाय, बेंबी सरकली हाय," ती म्हणाली. आमच्याकडे यावर ठरलेला उपाय असतो. बेंबीवर पणती पेटवून तिच्यावर तांब्या पालथा घालतात. ज्योत विझते आणि पोटाची कातडी तांब्यात ओढली जाते.

"निघला न्हाय तर तांब्या घेऊनच ड्युटीला जाईन," पोटावर तांब्या चिकटलेला भाऊ म्हणाला.

"गप पड, मेल्या," आई म्हणाली.

तांब्या निघाला. दुखणंही गेलं. संध्याकाळी तो पोटभर जेवला. त्याच्या त्या बरं वाटण्याचीच मला आज भीती वाटते. स्वादुपिंडाला लागलेला मार कधी कधी असा काही तास गप्प राहतो, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कळ पाठीत गेली, उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलात पहिल्या स्कॅनमध्ये फारसं दिसलं नाही. तरी डॉक्टरांनी घरी सोडलं नाही. रक्त पुन्हा तपासलं, स्कॅन पुन्हा केला, तेव्हा चीर दिसली. पुढून दांडा, मागे पाठीचा कणा. स्वादुपिंड मधे चिरडलं होतं आणि आतली नळी तुटली होती. ऑपरेशन करून स्वादुपिंडाचा शेपटाकडचा, म्हणजे डावीकडचा, भाग काढला. कुशीतून एक रबरी नळी बाहेर ठेवली, तिच्या टोकाला पिशवी लावली.

नळीतून येणारं पाणी स्वच्छ होतं. रक्त असतं तर मला कमी भीती वाटली असती. ते अन्न पचवणारं पाणी होतं. जिथे झिरपलं तिथली कातडी लाल होऊन सोलत गेली.

"ताई, माझं पोट मलाच जेवतंय," तो म्हणाला. "मीठ कमी पडलं काय, विचार त्याला."

मी हसले. पिशवीत थेंब पडत राहिला.

पुढे आत पू झाला. ताप उतरेना. एका सकाळी थेंब पडायचा थांबला. आता भरून येतंय, असं मी आईला सांगितलं. नर्स आली. तिने पिशवीकडे पाहिलंच नाही, त्याचं मनगट हातात घेतलं. तो गेला होता.

आता घरात आई आणि मी, दोघी आहोत.