तातेरावांच्या व्हॅनचे ब्रेक

तातेराव सोनकांबळे नऊ वर्षांपासून डायलिसिसच्या पेशंटांची ने-आण करतात. मूळ गाव मुखेडकडचं, पण हैदराबादेत येऊन पस्तीस वर्षं झाली. तारनाक्याला घर आणि स्वतःची जुनी व्हॅन. सकाळी तिघांना सिकंदराबादच्या सेंटरवर सोडायचं, चार-साडेचार तासांनी परत घरी आणायचं, की संध्याकाळची पाळी. वय एकसष्ट. क्लच दाबताना गुडघा ठणकतो.

महिनाभरापासून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत होतं. पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या डिस्क त्यांनी याआधी दोनदा खरादावर, म्हणजे लेथवर, घासून घेतल्या होत्या. आता पुन्हा दाखवायला हव्यात हे त्यांना कळत होतं. पण दुपारी जेवलं की अंग टाकावंसं वाटे, आणि दाखवणं राहून जाई.

त्या मंगळवारी परतताना मेट्टुगुड्याजवळ एक ऑटो अचानक आडवी आली. तातेरावांनी ब्रेक दाबला तशी व्हॅन थरथरत डावीकडे ओढली गेली. मागे बसलेल्या त्रिवेणीबाईंचा सुई टोचलेला हात दाराच्या कडीवर आपटला. त्या निवृत्त शिक्षिका. डायलिसिसनंतर इतक्या गळून जात की बोलणंही नको वाटे.

"तातेराव, रक्त येतंय," एवढंच त्या हळू म्हणाल्या.

तातेरावांनी गाडी कडेला घेतली, हात धुतले आणि पट्टीवर कापूस ठेवून अंगठा दाबून धरला. कसं दाबायचं ते नर्सनं दाखवून ठेवलं होतं. पंधरा-वीस मिनिटांनी रक्त थांबलं. सेंटरला फोन केला, तर नर्स म्हणाली, थांबलं असेल तर घरी न्या, पुन्हा आलं तर लगेच इकडे आणा.

उतरताना त्रिवेणीबाई म्हणाल्या, "तुमचा काय दोष? ऑटोच आडवी आली."

"ब्रेक खराब होते, बाई. मला माहीत होतं," तातेराव म्हणाले.

संध्याकाळची पाळी त्यांनी प्रकाश नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरला दिली आणि व्हॅन हळूहळू यूसुफभाईच्या गॅरेजवर नेली. यूसुफभाईनं चाकं काढली, डिस्कची जाडी मोजली आणि मान हलवली.

"फिर से खराद मार देते क्या?" तातेरावांनी विचारलं.

"नक्को चाचा. बहोत पतली हो गई. गरम हुई की फिर टेढी होती. नई लाओ, पॅड भी नए."

जुन्या दोन्ही डिस्क पिशवीत घालून तातेराव बसनं जामबागेतल्या सुट्या भागांच्या बाजारात गेले. पिशवीच्या ओझ्यानं खांदा भरून आला. ओळखीचं दुकान आबासाहेबांचं. जुन्या निजामी मुलखातलं शेतकरी घराणं, आता दोन पिढ्या सुट्या भागांच्या धंद्यात.

"यातली एकच जास्त गेलीय. एकच बदलली तर?" तातेराव स्टुलावर टेकत म्हणाले.

"मग एक चाक जास्त पकडंल, एक कमी. गाडी पुन्हा एका अंगाला ओढंल. जोडीच न्या." आबासाहेबांनी पॅडचे दोन डबे पुढे ठेवले. "हे कडक. लई दिवस टिकतंय, पण डिस्क खातंय, अन् सकाळी थंड गाडीला पकडायला जरा वेळ लावतंय. हे नरम. लवकर झिजतंय, चाकावर काळी भुकटी बसती, पण पकड सावकाश, झटका नाही."

तातेरावांचा हात कडक पॅडच्या डब्याकडे गेला. पुन्हा लवकर इथवर यायचं त्राण नव्हतं.

"वाहता काय तुम्ही?" आबासाहेबांनी विचारलं.

"डायलिसिसची माणसं."

तातेरावांनी थोडा वेळ दोन्ही डब्यांकडे पाहिलं आणि नरम पॅड घेतले.

यूसुफभाईनं नव्या डिस्कवरचं तेल पुसून सगळं बसवलं आणि बजावलं, "चाचा, नए ब्रेक एकदम नहीं पकडते. खाली रोड पे बीस-पच्चीस बार आहिस्ता आहिस्ता दबाओ. फिर सवारी बिठाओ."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते विद्यापीठाच्या रस्त्यावर निघाले, तर बायको सरुबाई शेजारी येऊन बसली.

"तू कशाला?"

"डोळा लागला तुमचा तर? रातभर कूस बदलत व्हता."

रिकाम्या रस्त्यावर वेग घ्यायचा, हळू दाबायचं, पुन्हा वेग घ्यायचा. स्टिअरिंग थरथरत नव्हतं. तातेरावांना आनंद व्हायला हवा होता. पण बाईंचा लाल झालेला कापूस डोळ्यांसमोरून जात नव्हता.

गुरुवारी त्रिवेणीबाई परत येताना वाटभर झोपून होत्या. तातेरावांनी "बाई, घर आलं" म्हटलं तेव्हा त्या जाग्या झाल्या आणि सुनेचा हात धरून उतरल्या.

घरी येऊन तातेरावांनी सेंटरला फोन लावला. संध्याकाळची पाळी आता कायमची प्रकाशला द्या, म्हणाले. पलीकडून कारण विचारलं.

"व्हत नाही आता," ते म्हणाले.

सरुबाई भाकरी घेऊन आली तोवर ते भिंतीला टेकून झोपले होते. तिनं ताट झाकून ठेवलं आणि पंखा वाढवला.