उजव्या गुडघ्याची टेप

शिडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेत वर्गातला दिवा गेला की शिपाई खालून शिडी आणायचा कंटाळा करायचा आणि सरळ हिलाच हाक मारायचा. तेव्हा जे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे क्लबातही सगळे तिला शिडीच म्हणायचे आणि तीही ओ द्यायची.

बास्केटबॉल खेळून पोट भरणाऱ्या बायका म्हटल्यावर लोकांना वाटतं काय थाट असेल! कसला थाट घेऊन बसलात? सकाळी सहाला हॉलमध्ये हजर. तिथे रबराचा आणि ओल्या बुटांचा वास. दुपारी बर्फाच्या बादलीत पाय. परगावी सामना असला की नऊ-नऊ तास बसमध्ये, गुडघे पुढच्या सीटला टेकवून. त्यात हिचं काम बास्केट टाकायचं नव्हतंच. बास्केटखाली उभं राहायचं, धक्के द्यायचे, धक्के खायचे आणि हुकलेला बॉल उडी मारून काढून दुसरीच्या हातात द्यायचा. दुसरीचा फोटो छापून यायचा. हिचं कोपर तेवढं कधीमधी फोटोच्या कडेला दिसायचं. सुरुवातीला वाईट वाटायचं, नाही असं नाही. मग वाटेनासं झालं.

क्लबाचा एक नियम होता आणि शिडीचा सगळा जीव त्या नियमात अडकला होता. जी खेळाडू दहा हंगाम पुरे करील, तिला क्लबाच्या मुलींच्या संघाची कोच म्हणून कायमची नोकरी. पुरा हंगाम म्हणजे किमान वीस सामने, एकोणीस झाले तर तो हंगाम धरत नसत. चौतिसाव्या वर्षी हिला दुसरं येत तरी काय होतं? थोरली बहीण, ताई, इस्त्रीचं दुकान चालवायची. दोघी दुकानाच्या वरच्याच खोलीत राहायच्या. एकदा शिडी हौसेने इस्त्रीला उभी राहिली आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला पाठीवर भोक पाडून बसली. ताईने तिला हात धरून वर पाठवलं.

आठव्या हंगामाच्या शेवटी डावा गुडघा गेला. म्हणजे दिसायला जागेवरच होता, पण जिना उतरताना आतून करकरायचा. क्लबाचे म्हातारे डॉक्टर तिच्यावर माया करणारे. त्यांनी दार लावून घेतलं, डाव्या गुडघ्यात बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि मग निळी टेप काढून चांगली घट्ट बांधली, ती उजव्या गुडघ्याला. ही बास्केटखालच्या बायकांची जुनी युक्ती. टेप दिसली की समोरचीचं ढोपर नेमकं तिथेच येऊन आदळतं. आदळू दे चांगल्या गुडघ्यावर!

तेव्हापासून सामना म्हटला की डाव्याला सुई आणि उजव्याला टेप. टेप सरावालाही असायची, घरीही असायची. ताईलाही उजवाच गुडघा दुखतो असं सांगितलेलं, कारण ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही. डाव्याचं कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी तरातरा कोचसमोर जाऊन उभी राहिली असती.

दहाव्या हंगामाच्या आधी क्लबाने सगळ्यांची तपासणी काढली. बाहेरच्या केंद्रात मोठं यंत्र होतं. क्लबाच्या कारकुनाने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, टेपचा गुडघा तपासावा. यंत्रावरच्या माणसाने टेप पाहिली आणि उजवा पाय आत घेतला. शिडी आडवी पडून छताकडे बघत राहिली. बोलायला तोंड होतं, वेळही होता. ती बोलली नाही. रिपोर्ट आला, गुडघा ठणठणीत. कोचने पाठ थोपटली. तिला ना आनंद झाला ना लाज वाटली. डावा गुडघा बधिर करता करता बाकीचंही कुठेतरी बधिर झालं असावं.

एकोणीस सामने झाले. विसावा हंगामातला शेवटचा. त्याच्या चार दिवस आधी म्हातारे डॉक्टर छातीत कळ येऊन दवाखान्यात पडले. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर आला, नीटनेटका, फाईल पाठ करून आलेला. फाईलमध्ये म्हाताऱ्यांनी लिहिलेलं काय, दर सामन्याआधी उजव्या गुडघ्यात सुई. सामन्याआधी त्याने इंजेक्शन भरलं. खोलीत कोच होता आणि क्लबाचे सेक्रेटरीही मुद्दाम शुभेच्छा द्यायला येऊन उभे.

शिडी म्हणाली, "आज नको इंजेक्शन."

"आज हट्ट नको," कोच म्हणाला. "एवढा एक सामना खेळ, मग आयुष्यभर बस."

डॉक्टरने उजव्याची टेप सोडवली. हा नव्हे, तो, एवढं म्हटलं की झालं. पण मग तो रिपोर्ट कुठल्या गुडघ्याचा, हे सेक्रेटरींनी तिथेच विचारलं असतं आणि दहा वर्षं पाण्यात गेली असती. तिने पाय पुढे केला. सुई चांगल्या गुडघ्यात गेली.

कोर्टवर उतरली तेव्हा उजवा पाय दुसऱ्या कोणाचा तरी असावा तसा लागत होता आणि डाव्यात दोन वर्षांचं दुखणं एकदम जागं झालेलं. तरी ती अकरा मिनिटं खेळली. चार बॉल काढले. पाचव्याला उडी मारली, ती डावा वाचवायचा म्हणून उजव्यावर उतरली. पाऊल वाकडं पडलंय हे सांगणारं त्या पायात काही उरलंच नव्हतं. आवाज पहिल्या रांगेतल्या लोकांनीही ऐकला. तिला काही कळलं नाही. उठून उभी राहायला गेली आणि गुडघा भलत्याच बाजूला वळला.

तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी दवाखान्यात आले. क्लबासाठी खेळताना चांगला गुडघा गेला, म्हणून ते पुन्हा पुन्हा हळहळले. नेमणुकीचं पत्र त्यांनी स्वतः वाचून दाखवलं. शिडीने सही केली. ताईने त्यांना चहा दिला आणि त्यांच्यापुढेच डोळे पुसले.

ते गेल्यावर सर्जन आले. त्यांनी दोन्ही पाय तपासून घेतले होते.

"उजवा होईल बरा, सहा महिने धरा," ते म्हणाले. "पण डावा दोनेक वर्षांपूर्वीच संपलाय. ह्यावर खेळत होता तुम्ही?"

"हो," शिडी म्हणाली.

सर्जन पुढच्या खाटेकडे गेले. ताई चहाचे कप आवरायची थांबली. दोन वर्षं रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की ती टॉवेलची घडी करायची, तिच्यावर गरम इस्त्री फिरवायची, वर यायची आणि दिवसभर उभी राहून सुजलेल्या पायांनी खाली बसकण मारून शिडीचा गुडघा शेकायची. टेपवरूनच, हलक्या हाताने. शिडी पाय लांब करून बसायची आणि म्हणायची, बरं वाटतंय गं.

"दोन वर्षं मी धडधाकट गुडघा शेकत होते?" ताईने विचारलं.

शिडीला रडू यायला हवं होतं. तिने वाटही पाहिली. आलं नाही.

"नोकरी मिळाली ना," ती म्हणाली.

"मिळाली." ताईने पत्र घडी करून पिशवीत ठेवलं. मग खाटेशी येऊन उभी राहिली. "आता कुठला दुखतोय?"

"डावा."

शिडीने डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. ताईने त्या हाताकडे पाहिलं आणि खरंच डावाच का, हे नर्सला विचारायला ती बाहेर गेली.